आजीच्या बांगड्यांचे पान

गोठा झाडताना आजीचा हात दगडावर आपटला आणि हिरव्या बांगड्या खळ्ळकन खाली पडल्या. "फुटल्या म्हणू नये, वाढवल्या म्हणावं," आजी म्हणाली. पण तिचं तोंड उतरलं होतं. मी तुकडे डब्यात भरले. पिरंगुटला माझी मावशी विजेच्या भट्टीत काचेची फुलं-पानं करते. या तुकड्यांचं पान करून आजीला द्यायचं असं मी ठरवलं.

मावशीचा साचा भाजलेल्या मातीचा आहे. त्यात शिरांसकट पानाची खोलगट जागा आहे. आप्पेपात्राला आपण तेल लावतो ना, तसा साच्याला खास पांढऱ्या मातीचा पातळ लेप द्यायचा. ब्रशने तीन-चार हात, मग खडखडीत वाळवायचं. लेप द्यायचा राहिला तर काच साच्याला चिकटते. पानही जातं आणि साचाही जातो. लेप दर खेपेला नवा, साचा मात्र तोच पुन्हापुन्हा वापरता येतो. थंड होताना काच मातीपेक्षा जास्त आकसते आणि साच्याच्या कडा बाहेर कललेल्या असतात, म्हणून पान अलगद निघतं.

काच मावशीने जाड फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडली. डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क. काचेची धूळ छातीत जाता कामा नये. चुऱ्यात हवा असते, वितळल्यावर तो खाली बसतो, म्हणून साचा शिगोशीग भरायचा.

पाणी १०० अंशांना उकळते. साच्यात काच नीट पसरायला सुमारे ८०० ते ८५० अंश सेल्सिअस उष्णता लागते. हे काम मोठ्या माणसांचेच! पण खरी परीक्षा पुढे आहे. एकदम थंड केलं तर काच वरून आधी आवळते, आतून गरमच राहते आणि त्या ओढाताणीत तडकते. म्हणून ५०० ते ५५० अंशांच्या दरम्यान भट्टी थांबवून ठेवतात, मग हळूहळू उतरवतात. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं.

आपल्या शेजारच्या मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा जमवला, लोकमान्य टिळकांचा पाठिंबा मिळाला. जपानमध्ये काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथे मुलांना शिकवलं. कारखाना असो की मावशीची भट्टी, काच सावकाशच निववावी लागते.

आता माझी चूक सांगतो. चुरा कमी वाटला, म्हणून मी मावशीला न विचारता तिच्या डब्यातली पांढरी काच त्यात मिसळली. पान सुंदर निघालं. पण एस.टी.त बसलो आणि हातातच टक् आवाज झाला. मधोमध तडा! दोन जातींच्या काचा सारख्या आकसत नाहीत, हे मावशीने नंतर समजावलं. ती रागावली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

उरलेल्या चुऱ्यात मोठं पान होईना, म्हणून लहान साचा घेतला. ते पान आजीने देवघराच्या खिडकीत बांधलंय. तडकलेलं पान या भित्तिपत्रकाखाली टेबलावर ठेवलं आहे. पालकांनीही बघावं, पण कड धारदार आहे, हात लावू नये.