ऑफिसातला सुटकेचा नकाशा अद्ययावत कसा कराल?

महाराष्ट्रात आगप्रतिबंधक यंत्रणा चालू असल्याचा ‘फॉर्म बी’ दाखला दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. भिंतीवरचा नकाशाही तेव्हाच तपासून टाका. लाल पेन घ्या, पायांत बूट घाला, चला!

१. भिंतीवर लावलेल्या नकाशाचा फोटो काढून प्रिंट घ्या. कॉम्प्युटरमधली फाइल घेऊ नका. ती आणि भिंतीवरची प्रत एकच असेल याची खात्री नसते.

२. मजल्याच्या सगळ्यात आतल्या टोकाला जाऊन उभे राहा.

३. बाणांप्रमाणे जिन्यापर्यंत चालत जा. वाटेत नवं पार्टिशन, काचेचं दार, झेरॉक्स मशीन दिसलं की लगेच लाल खूण करा. कार्ड लावून उघडणारं दार असेल तर वीज गेल्यावर ते उघडतं का, हे तंत्रज्ञाकडून तपासून घ्याच.

४. जिन्याचं दार स्वतः ढकला. कुलूप किंवा मागे खोकी सापडली तर आजच काढून घ्या. नकाशा बरोबर आणि दार बंद, हे चालणार नाही.

५. जिना उतरून असेंब्ली पॉइंटपर्यंत जा. तिथे आता गाड्या लागत असतील तर इमारतीच्या व्यवस्थापनाशी बोलून जागा पक्की करा.

६. वर येऊन अग्निशामक सिलिंडर, होज रील, अलार्मचं बटण आणि रेफ्युज एरिया असेल तर तोही, प्रिंटवर पडताळा. आठवणीवर टिक करू नका, प्रत्येक जागी जा.

७. आता मूळ फाइल दुरुस्त करा. वाट हिरव्या रंगात, आगीशी लढायची साधनं लाल रंगात.

८. प्रत्येक फलकासाठी नकाशा वेगळा फिरवा. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो! फलकासमोर उभं राहिल्यावर जे उजव्या हाताला आहे, ते नकाशातही उजवीकडेच हवं. एकच प्रिंट समोरासमोरच्या दोन भिंतींवर लावली, तर एका ठिकाणचे बाण माणसाला नेमके उलट दिशेला पाठवतील. धुरात उभं राहून कोणी मनातल्या मनात नकाशा फिरवत बसणार नाही.

९. प्रत्येक प्रतीवर ‘तुम्ही इथे आहात’ ही खूण टाका.

१०. सूचना मराठीतही लिहा. हाउसकीपिंगच्या मावशी आणि सिक्युरिटीवाले दादाही याच जिन्याने उतरणार आहेत. ‘लिफ्ट वापरू नका’ ठळक हवं. १०१ आणि ११२ हे नंबरही.

११. कोपऱ्यात मजला आणि दुरुस्तीची तारीख घाला.

१२. परवानाधारक फायर एजन्सीकडून नकाशा तपासून घ्या. पार्टिशनमुळे बाहेर पडायची वाटच अरुंद झाली असेल तर नुसती रेघ बदलून भागत नाही, पार्टिशन हलवावं लागेल.

१३. जुन्या सगळ्या प्रती काढा. पँट्री आणि कॉन्फरन्स रूममधली हमखास राहते.

१४. नवी प्रत डोळ्यांच्या उंचीवर, उजेडात लावा. उघड्या दारामागे किंवा कॅलेंडरखाली जाईल अशी जागा टाळा.

१५. नुकत्याच रुजू झालेल्या कोणाला तरी फलकासमोर उभं करा आणि काही न सांगता बाहेर जायला सांगा. तो अडखळला तर त्याच फलकाची प्रत घेऊन पायरी ८ वर परत या.