न लिहिलेले नियम

यंत्रांच्या सुट्या भागांची गुणवत्ता तपासणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यानं मला आधी अमेरिकेतल्या ओहायोत नेलं, मग जर्मनीत श्टुटगार्टला आणि शेवटी इंग्लंडमधल्या लीड्सला. आता तिथंच संसार मांडला आहे. पुण्या-साताऱ्याकडची तरुण मुलं निघण्याआधी फोन करतात. ‘‘ताई, तिकडची माणसं कशी असतात?’’ हे ‘तिकडे’ म्हणजे एकच मोठं गाव असावं, असा त्यांच्या प्रश्नाचा सूर असतो. त्यांना वेळोवेळी जे सांगितलं, ते इथं ओळीनं मांडते. युरोप म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे प्रामुख्यानं जर्मनी आहे. फ्रान्स, स्वीडन जाता-येता पाहिलेले.

१. भाषेवरून सोयरीक ठरवू नये

अमेरिकन आणि ब्रिटिश दोघंही इंग्रजी बोलतात, तेव्हा त्यांचे विचारही जुळत असणार, असं आपण धरून चालतो. बंदुकीपाशीच हा समज गळून पडतो. अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून घटनेत आहे. ब्रिटनमध्ये १९९६ साली डनब्लेनच्या शाळेत १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिका गोळीबारात गेल्या. पुढच्याच वर्षी खासगी पिस्तुलांवर जवळपास पूर्ण बंदी आली. रजेचंही तसंच. पूर्णवेळ नोकराला ब्रिटनमध्ये सार्वजनिक सुट्ट्या धरून २८ दिवस पगारी रजा कायद्यानं मिळते. जर्मनीत पाच दिवसांच्या आठवड्याला किमान २० दिवस, सार्वजनिक सुट्ट्या वेगळ्या. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात खासगी नोकरीत पगारी रजा द्यायची सक्तीच नाही. मालक देईल ती खरी. एवढंच पाहिलं तर ब्रिटिश माणूस चक्क युरोपीय वाटेल. पण थांबा.

२. आजारी पडल्यावर कोण उभं राहतं, ते पाहावं

ओहायोत नोकरीच्या पहिल्याच दिवशी आरोग्यविम्याची जाडजूड पुस्तिका हातात पडली: हप्ता किती, आधी पदरचे किती घालायचे, कोणते डॉक्टर चालतील. श्टुटगार्टला कचेरीतल्या बाईंनी एवढंच विचारलं, की तुमची क्रांकनकासं, म्हणजे विमामंडळ, कोणती? कामगार आणि मालक दोघांच्या वर्गणीवर चालणारी ही पद्धत बिस्मार्कच्या काळातली, १८८३ सालची. लीड्सला कोणी काहीच विचारलं नाही. घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, नाव घातलं, की झालं.

तीन देशांतले हे तीन वेगळे विचार आहेत. अमेरिकेत उपचार बहुतेकांना नोकरीबरोबर मिळतात, म्हणून नोकरी सोडताना माणूस आधी विम्याचा हिशोब करतो. जर्मनीत वर्गणी भरली की हक्क उभा राहतो. ब्रिटनमध्ये १९४८ साली अन्यूरिन बेव्हन या आरोग्यमंत्र्यानं सुरू केलेली एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा मुख्यतः करांवर चालते आणि दवाखान्यात बिल हाती पडत नाही. ब्रिटिश माणूस तिच्या लांबलेल्या तारखांवर मनसोक्त कुरकुरतो, पण परक्यानं नावं ठेवलेली त्याला खपत नाहीत. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाला त्यांनी मैदानात रुग्णालयाच्या खाटा आणल्या आणि परिचारिका नाचवल्या. जगापुढे मिरवायला त्यांना हे सुचलं, यातच सगळं आलं.

३. सरकारला आपण किती माहीत असावं, यावर मतं टोकाची असतात

जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. तिथल्या नागरिकाला सोळाव्या वर्षापासून ओळखपत्र किंवा पारपत्र बाळगावंच लागतं. त्यात कोणाला जाच वाटत नाही. आधार कार्ड घेऊन वाढलेल्या आपल्यालाही वाटत नाही. ब्रिटिश माणसाच्या मात्र ते अंगावर येतं. दुसऱ्या महायुद्धात ओळखपत्रं आली होती, ती युद्ध संपल्यावरही चालू राहिली. १९५० च्या डिसेंबरात क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या मोटारचालकानं पोलिसाला ती दाखवायला साफ नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेलं, न्यायाधीशांनी कायद्याच्या अशा वापरावर ताशेरे ओढले आणि १९५२ साली ओळखपत्रं गेली. २००६ च्या कायद्यानं ती पुन्हा आणली, २०१० मध्ये पुन्हा मोडीत काढली. इथं ब्रिटिश माणूस युरोपीय राहत नाही. सरकारवर नजर ठेवणारा अमेरिकन भाऊबंद होतो.

नव्यानं येणाऱ्यानं मात्र सावध असावं. ओळखपत्र नसलं, तरी ओळख पटवावी लागतेच. बँक घरपट्टीचं किंवा विजेचं बिल मागते, घरमालक बँकेचं पत्र मागतो. येताना नोकरीच्या ठिकाणचं, पत्ता लिहिलेलं पत्र मागून घ्यावं.

४. कौतुकात काय वगळलं, तिकडे लक्ष द्यावं

माझ्या कामात दोष सांगणं रोजचं. जर्मन सहकारी बैठकीत सगळ्यांदेखत सांगतो: हे चुकलं, हे आणि हेही. मग आपल्याबरोबर मजेत जेवायला येतो. अमेरिकन साहेब आधी भरभरून वाखाणतो, मधे दोष ठेवतो, शेवटी पुन्हा वाखाणतो. ब्रिटिश साहेब म्हणतो, ‘‘एकदा यावर विचार करून बघाल का?’’ याचा अर्थ, उद्या सकाळी बदल करून आणा.

यातून घडलेली शोकांतिका तिकडे अजून सांगतात. एप्रिल १९५१, कोरियातली इमजिन नदी. ग्लॉस्टरशायर पलटण चिनी फौजेच्या वेढ्यात सापडली होती. ब्रिटिश ब्रिगेडियरनं वरिष्ठ अमेरिकन सेनापतीला परिस्थिती जरा अवघड असल्याचं कळवलं. अमेरिकन सेनापतीला वाटलं, निभावेल. पलटणीतले बहुतेक जण मारले गेले किंवा कैद झाले. ब्रिटिश माणूस जितका शांत बोलेल, तितकं काळजीपूर्वक ऐकावं, हे मी त्यावरून घेतलं.

५. मालकी कुठं संपते, ते पायी फिरल्यावर कळतं

ओहायोत शहराबाहेर चालायला निघालं, की कुंपणाकुंपणावर मनाईच्या पाट्या. जमीन ज्याची, सत्ता त्याची. इंग्लंडमध्ये खुशाल एखाद्याच्या शेतातून, मेंढ्यांमधून, कधी अंगणाच्या कडेनं वाट जाते. कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या ठेवलेल्या असतात. जमीन शेतकऱ्याची, पण वाट सगळ्यांची, आणि ती अडवण्याची त्याला मुभा नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा वाटांचं जाळं दोन लाख किलोमीटरांहून जास्त आहे. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जाणारी आपली घराणी आठवली, की मला याचं फारच नवल वाटतं.

हा हक्क असाच पदरात पडलेला नाही. उंचावरची मोकळी माळरानं बडे जमीनदार शिकारीसाठी राखून ठेवत. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टर-शेफील्डकडच्या शेकडो कामगार तरुणांनी किंडर स्काउटच्या डोंगरावर मुद्दाम घुसखोरी केली. काही जण तुरुंगात गेले. तरी अशा माळरानांवर मोकळेपणी फिरायचा कायदा इंग्लंड-वेल्समध्ये व्हायला २००० साल उजाडलं. स्वीडन याच्याही पुढे: घराची आणि उभ्या पिकाची अदब राखून कोणीही, कोणाच्याही रानात फिरावं, एखादी रात्र तंबू ठोकावा, बोरं-अळंबी वेचावी. अमेरिकेत मालकाचा हक्क, स्वीडनमध्ये सर्वांचा. इंग्लंडमध्ये दोघांच्या मधून जाणारी पायवाट, तीही भांडून मिळवलेली.

६. देव कागदावर वेगळा, मनात वेगळा

इंग्लंडला अधिकृत चर्च आहे. राजा त्याचा प्रमुख आणि २६ बिशप वरिष्ठ सभागृहात बसतात. तरी २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे निम्म्याहून कमी भरले. अमेरिकेत धर्म आणि सरकार घटनेनं वेगळे, पण राष्ट्राध्यक्षाचं भाषण देवाच्या आशीर्वादाशिवाय सहसा संपत नाही. श्टुटगार्टला पत्ता नोंदवायच्या अर्जात धर्माचा रकाना होता, कारण चर्चच्या सभासदांकडून आयकराच्या ८ टक्के चर्चकर सरकारच वसूल करतं.

फ्रान्सनं १९०५ साली धर्म आणि शासन वेगळं केलं आणि २००४ मध्ये सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हं बंद केली. नियम सर्वांना एक. ब्रिटननं १९७६ मध्ये पगडीधारी शिखांना मोटारसायकलवर हेल्मेटमधून सूट दिली. नियम एक, पण माणूस पाहून सवलत. कोणतं बरं, यावर आमच्या गणपतीत दरवर्षी वाद होतो आणि तो गणपती बसतो चर्चच्या भाड्यानं घेतलेल्या सभागृहात.

७. हसण्याचा पगार कोण देतं, ते विचारावं

अमेरिकेतला वेटर आपुलकीनं चौकशी करतो, कारण टिप मिळणाऱ्यांना मालकानं द्यायचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंट इतकंच आहे. उरलेलं गिऱ्हाइकानं भरायचं. तिथं टिप न देणं म्हणजे मजुरी बुडवणं. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे पदार्थाच्या किमतीतच धरलेले असतात, म्हणून वेटरला तुमची मर्जी राखायची गरज नसते. ब्रिटनमध्ये बिलावर सेवाशुल्क छापतात आणि ते ऐच्छिक असल्याचंही लिहितात. नकार देता येतो, पण द्यायला जीभ रेटत नाही.

८. नवख्याला लिहिलेला नियम बरा

ब्रिटनची राज्यघटनाही एका ग्रंथात नाही. कायदे, निवाडे आणि बरेचसे संकेत, यांवर राज्य चालतं. अमुक गोष्ट करू नये, कारण ती कोणी करत नाही. एखादा पंतप्रधान संकेत ताणतो तेव्हा पंचाईत होते: २०१९ मध्ये संसद तहकूब केली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांना एकमतानं ते बेकायदा ठरवावं लागलं. गल्लीतही तेच. श्टुटगार्टच्या आमच्या इमारतीत जिन्यातच नियमांचा कागद लावलेला असे: गोंगाट कधी नको, कोणता कचरा कुठं. तो पाठ केला, की मी शेजाऱ्यांच्या बरोबरीची. अमेरिकेत मोठ्यानं विचारलं, की कोणीही सांगे. लीड्सला शेजारी हसून हवेपाण्याचं बोलतात आणि आपलं काय खटकलं ते कळू देत नाहीत. बोलण्याच्या ढबीवरून माणसाचा वर्ग ताडणाऱ्या समाजात अशी सभ्यता आतल्यांना उबदार असते, बाहेरच्याला मात्र चाचपडायला लावते.

इथली सभ्यता मला मनापासून आवडते. मी राहिले ती तिच्यामुळेच. पण कोणाची मूल्यं श्रेष्ठ, असं कोणी विचारलं, की मी उलट विचारते: श्रेष्ठ कोणासाठी? जन्मापासून तिथं वाढलेल्यासाठी, की काल विमानातून उतरलेल्यासाठी? दोघांची उत्तरं क्वचितच जुळतात.