इंग्रजीतील 'किती', 'थोडे' आणि 'पुष्कळ'

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत 'बटाटे किती?' असे विचारले जाते आणि वाण्याच्या दुकानात 'साखर किती?' असे. मराठीचा 'किती' दोन्हीकडे चालतो. 'थोडे' आणि 'पुष्कळ' यांचेही तसेच आहे. इंग्रजीत मात्र नाम पाहून शब्द बदलावा लागतो. एक, दोन, तीन असे मोजता येणारे ते गणनीय नाम. त्याच्यामागे 'मेनी' व 'फ्यू' येतात आणि नाम अनेकवचनी असते. 'वॉटर', 'शुगर' यांसारख्या अगणनीय नामांमागे 'मच' व 'लिटल' येतात आणि नाम एकवचनीच राहते. 'सम', 'एनी', 'अ लॉट ऑफ' हे शब्द दोहोंनाही चालतात.

वस्तू वजनावर विकली जाते, एवढ्यावरून ती अगणनीय ठरत नाही. बटाटे किलोने मिळतात, तरी 'मेनी पोटॅटोज' असेच म्हणावे लागते.

मराठीतील वचनावर विसंबणेही धोक्याचे आहे. 'तांदूळ महागले', 'पैसे संपले' ही मराठीत अनेकवचने आहेत; इंग्रजीत 'राइस' आणि 'मनी' ही अगणनीय नामे आहेत. म्हणून 'किती पैसे' म्हणजे 'हाउ मच मनी'. मराठीत 'सल्ले' देता येतात. इंग्रजीत 'अॅडव्हाइसेस' म्हणता येत नाही, 'सम अॅडव्हाइस' म्हणावे लागते. 'इन्फर्मेशन' व 'फर्निचर' यांनाही अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही. संख्या सांगायचीच असेल, तर जसे आपण 'दोन पेले पाणी' म्हणतो, तसे 'टू पीसेस ऑफ फर्निचर' म्हणावे.

सर्वाधिक दक्षता 'अ' या चिमुकल्या शब्दाबाबत हवी. 'अ लिटल वॉटर' म्हणजे थोडे का होईना, पाणी आहे. 'लिटल वॉटर' म्हणजे जवळजवळ नाहीच. 'अ फ्यू' व 'फ्यू' यांतही हाच फरक आहे. गावच्या विहिरीसंबंधीच्या इंग्रजी अहवालात हे अक्षर चुकून पडले, तर टंचाई नसलेल्या गावी टँकरची निकड भासेल. आणि खऱ्या टंचाईच्या गावी ते चुकून घातले गेले, तर तहानलेल्या गावाची मागणी मागे पडेल.

राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. त्यामुळे या भेदाचा पाया प्राथमिक शिक्षकांनाच घालावा लागतो. नियम पाठ करून घेण्याआधी त्यांनी वर्गातील खडू, पाटी, पाणी, माती यांची दोन गटांत विभागणी मुलांकडून करून घ्यावी. इंग्रजीत 'चॉक'सुद्धा सहसा अगणनीय असतो, हे मुलांना तेथेच उमगेल आणि प्रत्येक नाम इंग्रजीच्या नजरेने पाहण्याची सवय लागेल.