पोटाला कळ, खिशाला झळ

ठाण्याहून सीएसएमटीला जलद लोकलने जाणं मी चार वर्षांपूर्वी सोडलं. धीमी गाडी पंधरा-वीस मिनिटं जास्त घेते, पण दर तीन-चार मिनिटांनी कुठल्या तरी फलाटाला लागते. मुंबईच्या लोकलमध्ये संडास नसतो आणि कळ आली की उतरावंच लागतं, तेव्हा थांबणारी गाडी ही चैन नसून गरज असते. येऊन-जाऊन रोजचा अर्धा तास गेला. आयबीएसच्या हिशोबात मी ही रक्कम सगळ्यात वर लिहितो, कारण डॉक्टरांच्या बिलात ती कधीच दिसत नाही.

आयबीएस म्हणजे आतडं दिसायला ठीक, वागायला हट्टी. कुणाला जुलाब, कुणाला बद्धकोष्ठ, कुणाला आलटून पालटून दोन्ही. 2016 पासून वापरात असलेल्या रोम निकषांनुसार गेले तीन महिने सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोट दुखायला हवं. शिवाय ते दुखणं शौचाशी, शौचाच्या वेळा बदलण्याशी आणि मलाचं रूप बदलण्याशी, यांपैकी किमान दोन गोष्टींशी जोडलेलं हवं. त्रास सुरू होऊन सहा महिने झालेले असावेत. म्हणजे हे निदान मुख्यतः लक्षणं नीट ऐकून होतं. आणि आपल्याकडे नेमकं ऐकण्यालाच वेळ नसतो.

माझी पहिली तीन वर्षं ‘जुनी आव’ या नावाखाली गेली. दर दोन-तीन महिन्यांनी तोंड कडू करणाऱ्या गोळ्यांचा कोर्स, आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच. एका ठिकाणी ‘आतड्याला सूज’ सांगितली, दुसरीकडे ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून पाठवलं. वहीत पाहिलं तर या तीन वर्षांत बावीस हजार गेले होते आणि हाती एकही पक्का शब्द नव्हता. म्हणून पहिला सल्ला: थेंबे थेंबे खर्च करू नका. निदानावर एकदाच, पण नीट खर्च करा.

निदानाचे पैसे

खाली दिलेले आकडे ठाणे-पुण्याकडचे ढोबळ दर आहेत. तुमच्या गावात कमी-जास्त होतील. पोटविकारतज्ज्ञाची फी हजार ते दीड हजार, दोन भेटी धरा: अडीच हजार. सीबीसी आणि थायरॉइड मिळून सहाशे. मलाची साधी तपासणी दीडशे. गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणून लोक ज्याला ओळखतात त्या सीलिअ‍ॅक आजारासाठी रक्ततपासणी हजारभर. मलातलं कॅलप्रोटेक्टिन अडीच हजार; आतड्यात खरी सूज आहे का, हे त्यातून कळतं. एकूण पावणेसात हजार. माझ्या तीन वर्षांच्या खर्चाचा हा एक तृतीयांशही नाही.

कोलोनोस्कोपी प्रत्येकाला लागत नाही. मलात रक्त, विनाकारण घटणारं वजन, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, उतरलेलं हिमोग्लोबिन, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यातलं काहीही असेल तर मात्र ती टाळू नका. खासगीत सहा ते बारा हजार सांगतात. भूल देणाऱ्याची फी आणि बायोप्सी त्यात धरली आहे का, हे फोनवरच विचारा. मला बायोप्सीचे वेगळे पैसे काउंटरवर कळले. आदल्या दिवशीचं औषध, कामाचा एक बुडालेला दिवस आणि सोबत आलेल्या माणसाचाही एक दिवस, हेही त्याच खात्यात लिहा.

एवढे पैसे नसतील तर सरकारी दवाखान्याला नाक मुरडू नका. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत, उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत, पण तिथले दरही खासगीच्या मानाने किरकोळच. खर्च होतो तो रांगेत.

हे घेऊ नका

‘तुमच्या शरीराला न चालणारे दोनशे पदार्थ’ सांगणाऱ्या आयजीजी रक्ततपासण्या आठ-दहा हजारांना विकल्या जातात. तुम्ही काय नियमित खाता एवढंच त्यातून दिसतं. तज्ज्ञांच्या संघटना त्या करू नका म्हणतात. आतड्यातल्या जिवाणूंचा रंगीत अहवाल देणारी किटंही तशीच. प्रोबायोटिक कॅप्सूल रोजच्या वीस-पंचवीस रुपयांना पडते. महिनाभर घेऊन पाहा आणि फरक नसेल तर बंद करा. मी ती दीड वर्ष केवळ सवयीने घेत होतो.

स्वयंपाकघर

खरा फरक इथे पडला, तोही स्वस्तात. मला फार दिवस एक कोडं होतं: एकादशीला पोट शांत कसं? आई म्हणायची, विठ्ठलाची कृपा. आहारतज्ज्ञ बाईंनी उपासाचं ताट बघून सांगितलं, त्यात कांदा नाही, लसूण नाही, गहू नाही, डाळ नाही. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेला ‘लो फॉडमॅप’ आहार नेमक्या याच गोष्टी काही काळ बाजूला ठेवतो. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या, पुढे आंबून गॅस करणाऱ्या शर्करा त्यांत असतात. विठोबाचं श्रेय मी काढून घेत नाही, पण साबुदाणा, बटाटा आणि भगर यांचंही काही मोल आहे. रताळं आणि खजूर मात्र उपासाचे असूनही जास्त खाल्ले तर मला भोवतात.

हा आहार जन्मभर करायचा नसतो. दोन ते सहा आठवडे वगळायचं, मग एकेक पदार्थ परत आणून कोणता सोसतो ते पाहायचं. अनेकजण पहिल्या टप्प्यातच अडकतात आणि वर्षभर भात-बटाट्यावर राहतात. त्यासाठी आहारतज्ज्ञाच्या तीन भेटींचे तीन ते चार हजार मी सर्वात सत्कारणी लागलेला खर्च मानतो.

घरचे बदल साधे आहेत. चपातीऐवजी ज्वारीची भाकरी. ज्वारी गव्हापेक्षा महाग, माणशी महिन्याला दोन-अडीचशे रुपये वाढतात. कांदेपोह्यांचे बटाटेपोहे. लसणीचा वास हवाच असेल तर तेलात ठेचलेल्या पाकळ्या लालसर करून काढून टाकायच्या आणि त्याच तेलाची फोडणी द्यायची. त्रास देणारी शर्करा तेलात उतरत नाही, वास उतरतो. तुरीचं वरण पातळ आणि कमी. राजमा, छोले हे सुट्टीच्या आदल्या रात्री, घरीच. हापूसची एक फोड. दोन आंबे खाल्ले तर दुसऱ्या दिवशी रजा. दूध न सोसणाऱ्यांना लॅक्टोजमुक्त दूध मिळतं, पण ते बरंच महाग. चहापुरतं दूध बहुतेकांना चालतं.

औषधं

इसबगोलाची भुशी महिन्याला शंभर-दोनशे रुपयांची. ती एका चमच्यापासून सुरू करा आणि भरपूर पाण्याबरोबर घ्या. गव्हाचा कोंडा मात्र काहींचा त्रास वाढवतो. कळ थांबवणाऱ्या गोळ्या, पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल किंवा मेंदू-आतड्यातला संदेश मंदावणारी अ‍ॅमिट्रिप्टिलिन अगदी कमी मात्रेत, हे डॉक्टरच ठरवतील. शेवटचं नाव चिठ्ठीवर पाहून ‘मला वेडं ठरवलं’ असं समजू नका. मीही समजलो होतो, आणि सहा महिने उगाच फुकट घालवले. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात विचारा. तिथली किंमत पुष्कळदा निम्म्याहून कमी असते. मनाचा ताण बोलायचा असेल तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

नोकरीचा हिशोब

आता मोठी रक्कम. चाळीस हजार पगार, महिन्याचे सव्वीस दिवस: दिवसाला सुमारे 1,540 रुपये. महिन्यात दोन दिवस बिनपगारी गेले तर वर्षाला सदतीस हजार. औषधं, तपासण्या, ज्वारी सगळं मिळून एवढं होत नाही.

म्हणून रजा आधी समजून घ्या. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकानं व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा पगारी आहेत आणि त्या तिमाहीवार जमा होतात. वर्षात 240 दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक पगारी रजा मिळते आणि ती 45 दिवसांपर्यंत साठते. अगदी छोट्या आस्थापनांना ही कलमं लागू नसतात. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत आयबीएस नाही, त्यामुळे हक्क म्हणून फार मागता येत नाही. मागायचं ते समजुतीने. मी साहेबांना आजाराचं पुराण सांगितलं नाही. डॉक्टरांच्या दोन ओळींच्या पत्रासोबत तीन गोष्टी मागितल्या: संडासाजवळची जागा, दहाऐवजी अकराची वेळ आणि त्रासाच्या दिवशी घरून काम. पहिल्या दोन मिळाल्या. सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर आतडं सर्वात जागं असतं, त्यामुळे तो एक तास मला रजेपेक्षाही मोलाचा आहे.

बॅगेत जादा कपडे, ओले टिश्यू, क्षारसंजीवनीचं पाकीट, सशुल्क शौचालयासाठी सुटे पैसे आणि डॉक्टरांनी सांगितली असेल तर जुलाब थांबवणारी गोळी ठेवा. तीनशे रुपयांत होतं. ताप किंवा रक्त असेल तेव्हा ही गोळी घ्यायची नाही.

आरोग्यविम्याकडून फार आशा ठेवू नका. बहुतेक पॉलिसी बाह्यरुग्ण खर्च देत नाहीत, केवळ तपासणीसाठी भरती झालात तर दावा नाकारला जातो, आणि महात्मा फुले योजना भरतीच्या उपचारांसाठी आहे. नवी पॉलिसी घेताना मात्र आयबीएस लपवू नका. आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. लपवलेलं उघड झालं तर भलत्याच आजाराचा दावाही अडकतो.

पगार 21,000 पर्यंत असेल आणि पगारातून 0.75 टक्के ईएसआय कापलं जात असेल तर तुमची परिस्थिती माझ्यापेक्षा बरी आहे. तज्ज्ञ, तपासण्या, औषधं त्यात येतात. शिवाय वर्गणीच्या सहामाहीत 78 दिवस भरले असतील तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळतं. त्यासाठी ईएसआयच्याच डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. पोट बिघडलं त्या पहिल्याच दिवशी दवाखान्यात जाऊन ते घ्या.