नॅरोगेजचे पहिले इंजिन घरी बनवायला किती पैसे लागतात?

आधी आकडा. नागपुरात राहून, खरोखर वाफेवर धावणारे छोटे इंजिन पहिल्यांदाच करत असाल तर 30 ते 45 हजार रुपये बाजूला ठेवा. त्यात हत्यारे आणि रूळ आले. लेथ मात्र धरलेले नाही. तेच इंजिन बॅटरीवर चालवले तर 15 ते 20 हजारांत भागते. पुढचे सगळे भाव किरकोळ बाजाराचे अंदाज आहेत. तांबे-पितळेचा दर सतत हलतो, म्हणून घेण्याच्या दिवशी दोन दुकानांत विचारावे.

नमुना शोधायला लांब जायला नको. मोतीबागेचे नॅरोगेज रेल्वे संग्रहालय 2002 पासून खुले आहे. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळापासून या भागात 762 मिलिमीटरचे, म्हणजे अडीच फुटी रूळ होते. नागपूर-छिंदवाडा लाइन 2015 मध्ये आणि नागपूर-नागभीड 2019 मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली. ज्यांनी त्या गाड्यांतून प्रवास केला त्यांना आता त्या इंजिनाचे रॉड, क्रॉसहेड आणि चाकाची कड जवळून बघायची तर ती इथेच. परवानगी घेऊन फोटो काढा आणि प्रत्येक फोटोत एक फूटपट्टी येऊ द्या. माप त्यावरूनच काढायचे आहे.

मापाचा निर्णय पैशाचाही निर्णय असतो. 762 ला 24 ने भागा, 31.75 येतात. म्हणजे जगभर छोट्या वाफेच्या इंजिनांसाठी वापरतात त्या 32 मिलिमीटरच्या रुळावर आपली अडीच फुटी गाडी 1:24 प्रमाणात अगदी नेमकी बसते. 1:87 प्रमाणात 9 मिलिमीटरचा रूळही जुळतो, पण त्या आकारात वाफ विसरावी लागेल. मॉडेल रेल्वे किती बारकाईने करता येते हे बघायचे असेल तर पुण्याला कोथरूडचे जोशी यांचे संग्रहालय जरूर बघा.

तयार किट मागवण्याचा मोह होतो. इंग्लंडमध्ये चांगली किट मिळतात, पण स्केल मॉडेलसुद्धा कस्टम्सच्या तक्त्यात खेळण्यांच्याच रकान्यात येते. खेळण्यांवरचे मूळ आयातशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाले, 2023 मध्ये 70. त्यावर जीएसटी आणि कुरिअर धरले की घरी पोचेपर्यंत कॅटलॉगमधल्या किमतीच्या जवळपास दुप्पट खर्च होतो. त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे: इंजिन इथेच करावे, आणि बाहेरून आणायचेच तर फक्त सेफ्टी व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेज. या दोन्हींसाठी 6 ते 9 हजार ठेवा आणि तिथे काटकसर करू नका.

पहिले इंजिन चार चाकांचे असावे, सिलिंडर डोलता. डोलत्या सिलिंडरमध्ये सिलिंडर स्वतःच हलून वाफेची भोके उघडतो-मिटतो, त्यामुळे व्हॉल्व्हगिअरची किचकट जुळणी लागत नाही. बॉयलर साधा हंडीसारखा, खाली स्पिरिटचा दिवा. गॅसवरचा बॉयलर अधिक दमदार असतो खरा, पण गॅसची टाकी म्हणजे दाबाखालचे दुसरे भांडे. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 ला टेकतो तेव्हा असे भांडे घरात सांभाळण्याची जबाबदारी पहिल्याच खेपेला घेऊ नये.

हत्यारांना 12 ते 15 हजार लागतात: छोटे बेंच ड्रिल, चार इंची व्हाइस, कानसींचा संच, हॅकसॉ, डिजिटल कॅलिपर, एम-2 आणि एम-3 चे टॅप-डाय. लेथ घेऊ नका. नवे छोटे लेथ लाखाच्या आसपास जाते, आणि पहिल्या इंजिनात त्याचे काम असते चाकांपुरते, सिलिंडर आणि पिस्टनपुरते. हिंगणा एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये हे काम 4 ते 6 हजारांत होऊ शकते. मात्र टर्नरला तोंडी सांगू नका, कागदावर मापे द्या. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर 28 मिलिमीटर हवे, हे लाल शाईने लिहा. तिथे चूक झाली की इंजिन वळणावर रुळावरून उतरू शकते. चारही चाके एकाच बैठकीत कातून घ्या, म्हणजे व्यास सारखा येतो.

बॉयलरचे तांबे इस्पितळाच्या ऑक्सिजन लाइनसाठी लागणाऱ्या पाइपाचे घ्या. 54 मिलिमीटर व्यासाचा, 1.2 मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला पावणेदोन किलोंच्या आसपास भरतो. तुम्हाला वीतभरही लागत नाही. मेडिकल गॅस लाइनचे काम करणाऱ्या कंत्राटदाराकडे तुकडा उरलेला असतोच, विचारायला लाजू नका. झाकणे आणि सांधे मात्र चांदीच्या डाखानेच जोडायचे. कथलाचा साधा डाख 200 अंशांच्या आतच वितळतो. बॉयलर कोरडा पडला तर सांधा सुटेल. चांदीच्या डाखाला 600 अंशांच्या वर आच लागते. इतवारीत सराफाकडे किंवा एसी दुरुस्तीचे सामान विकणाऱ्याकडे काडी मिळेल, पण कॅडमियम नसलेलीच मागा. त्याचा धूर फुप्फुसाला घातक असतो. हे एक काम अनुभवी ब्रेझिंगवाल्याकडून करून घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन. तांबे, डाख, मजुरी मिळून 4 ते 5 हजार.

बॉयलर कायदा, 1923 चा जुना असो की 2025 चा नवा, 25 लिटरपेक्षा कमी क्षमतेच्या भांड्याला लागू होत नाही. म्हणजे तपासायला कोणी इन्स्पेक्टर येणार नाही, आणि तपासणीची सगळी जबाबदारी तुमची. चालवायचा दाब चौरस इंचाला 40 पौंड धरला असेल तर 80 पौंडांवर थंड पाण्याची चाचणी घ्या. बॉयलर काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. दाबलेली हवा फुटते तेव्हा तुकडे उडतात, पाणी नुसते गळते. पाइपलाइन तपासायचा हातपंप प्लंबरकडून भाड्याने मिळतो. काटा दहा मिनिटे हलला नाही तरच पुढे जा.

चेसिस, केबिन, चिमणी यांना पितळी पत्रा, सळ्या, स्क्रू मिळून 3 ते 4 हजार. थ्रीडी प्रिंटची केबिन स्वस्त पडते, पण नेहमीचे पीएलए प्लास्टिक साठेक अंशांवर मऊ होते, म्हणून ते बॅटरीच्या इंजिनापुरतेच.

रुळाचा हिशेब लोक विसरतात. पाऊण मीटर त्रिज्येच्या गोलाचा परीघ 4.7 मीटर, म्हणजे दोन्ही रुळांना मिळून पट्टी साडेनऊ मीटर. ॲल्युमिनियमची पट्टी सागाच्या तुकड्यांवर ठोकली तर 2 ते 3 हजारांत होते. इंजिन चालवताना बॉयलरमध्ये बोअरचे पाणी घालू नका, क्षार धरतात. पावसाचे पाणी गाळून ठेवा. दिवा नेहमी सावलीत पेटवा. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, आणि पेटत्या दिव्यावर पुन्हा स्पिरिट ओतले जाते ते याच कारणाने.