फ्रीजर आमचा, युनिट कुणाचे?

बकरी ईद जवळ आली की नवीन जालन्यातील अपार्टमेंटमध्येही डीप फ्रीजर येऊ लागतात. घेताना आम्ही व्यापारी लोक किमतीवर घासाघीस करतो. तो महिन्याला किती युनिट खाईल, हे विचारत नाही. कापड मीटरने मोजून घेणाऱ्यांनी वीजही मोजून वापरावी.

हिशेब सोपा आहे. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. समजा, फ्रीजर 120 वॅटचा आहे. पुरेशी थंडी झाली की कॉम्प्रेसर थांबतो, म्हणून तो दिवसात 12 तास चालतो असे धरू. रोजचे 1.44 युनिट, 30 दिवसांचे सुमारे 43. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे. घरचा वापर 90 युनिट असेल तर फ्रीजरसह तो 133 होतो आणि शंभरावरील 33 युनिट वरच्या, महाग दराने लागतात.

खरा आकडा हवा असेल तर लग्नकार्याला सर्वजण बाहेर जाताना फक्त फ्रीजर चालू ठेवावा आणि जाताना-येताना मीटरचे आकडे लिहून घ्यावेत.

खर्च कमीही करता येतो. जालन्याच्या मे महिन्यात गॅलरीच्या उन्हात फ्रीजर ठेवू नये. भिंतीपासून थोडे अंतर ठेवावे, बर्फाचा थर वेळोवेळी काढावा. ईदचे गोश्त एकदम न कोंबता लहान पिशव्या करून थोडे थोडे ठेवावे. वाटप होऊन फ्रीजर रिकामा झाला की बंद करावा.

आता आमची चूक. घरात जागा नव्हती म्हणून आम्ही फ्रीजर जिन्याखाली ठेवला आणि वायर जिन्याच्या दिव्याच्या पॉइंटला जोडली. तो मीटर सर्वांचा सामाईक. शेजारी लिहाजापोटी बोलले नाहीत. तीन महिन्यांनी वरील हिशेब मांडला तेव्हा सुमारे 130 युनिट निघाले. ती रक्कम सामाईक फंडात भरली, शेजाऱ्यांची माफी मागितली आणि वायर आमच्या मीटरवर घेतली.

सूरह मुतफ्फिफीन मापात कमी देणाऱ्यांविषयी आहे. दुकानात कापड फाडताना ती आम्हाला आठवते. जिन्याखाली आठवली नाही. बंधूंनो, ईदपूर्वी आपली वायर कोणत्या मीटरवर आहे, एवढे पाहून घ्या.