बॉनेटवरचा आकडा आणि रानातलं बळ

कृष्णाकाठच्या काळ्या रानात मी स्वतःची शेती करतो आणि गावातल्यांची नांगरट, रोटर, ऊस वाहतूक भाड्यानं करून देतो. कुणाला ट्रॅक्टर घ्यायचा असला की सल्ला विचारायला घरी येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती एचपीचा घेऊ? हा प्रश्न अपुरा आहे. त्या एका आकड्यावर लाखांचे व्यवहार ठरतात आणि पुढची पाच-सहा वर्षं घर हप्ते भरत राहतं. म्हणून कामातून जे कळलं ते सांगतो.

१. एचपी तीन जागी मोजतात. कुठली सांगताय, ते आधी विचारा.

एक इंजिनाची, दुसरी पीटीओची (म्हणजे रोटरसारखं अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याची), तिसरी प्रत्यक्ष अवजार ओढण्याची. बॉनेटवर आणि जाहिरातीत झळकते ती पहिली, कारण तीच सगळ्यात मोठी. ती इंजिन टेस्ट बेंचवर बांधून मोजतात. हवेचं तापमान २५ अंश धरून आकडा दुरुस्त करतात, आणि मोजण्याच्या काही पद्धतींत रेडिएटरचा पंखासुद्धा इंजिनाला जोडलेला नसतो. यात लबाडी नाही, मोजायची तशी रीतच आहे. पण त्या खोलीत माती नसते.

जॉन डिअर ५०५० डी घ्या. कंपनीच्याच पत्रकात इंजिन ५० एचपी आणि पीटीओ ४२.५ एचपी लिहिलेलं आहे. साडेसात एचपी तिथंच गेली. त्यापुढं अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांचा एक जुना ठोकताळा आहे, पीटीओपासून दर पायरीला ०.८६ नं गुणत जायचं. पक्क्या काँक्रीटवर ओढायला साडेछत्तीस उरतात. कठीण रानात जास्तीत जास्त एकतीस, त्यातही दिवसभर निभेल अशी सत्तावीस. नांगरलेल्या रानात तेवीस. मऊ, भुसभुशीत रानात वीस. हा ठोकताळा आहे, तंतोतंत हिशोब नव्हे, पण आमच्या रानात मला जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो. पन्नासचा म्हणून आणलेला ट्रॅक्टर मऊ रानात विसाचं काम करतो, हे घेणाऱ्याला शोरूममध्ये कुणी सांगत नाही. सांगायला पाहिजे.

२. शेतकऱ्यानं आवाज उठवला की आकडे खरे होतात.

शंभर वर्षांमागं अमेरिकेत ट्रॅक्टरच्या कंपन्यांचं पेव फुटलं होतं आणि ज्याला वाटेल तो आकडा तो छापत होता. नेब्रास्का राज्यातल्या विल्मॉट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्यानं घेतलेले ट्रॅक्टर जाहिरातीतलं काम करेनात. हा माणूस तिथल्या विधिमंडळाचा सदस्यही होता. त्यानं पुढाकार घेतला आणि १९१९ मध्ये कायदा झाला: राज्यात विकायचा प्रत्येक नमुना आधी विद्यापीठात तपासून घ्यायचा. १९२० मध्ये लिंकन इथं पहिली चाचणी झाली ती वॉटरलू बॉय या ट्रॅक्टरची. (ती कंपनी १९१८ मध्येच जॉन डिअरनं घेतली होती. आपल्या पुण्याजवळच्या सणसवाडीत कारखाना आहे तीच ही जॉन डिअर.)

त्या काळची एक पद्धत मला फार आवडते. ट्रॅक्टरच्या नावापुढं दोन आकडे असायचे. वॉटरलू बॉय होता १२-२५, म्हणजे ओढायला १२ एचपी आणि पट्ट्यावर यंत्र चालवायला २५. लहान आकडा आधी लिहायचे. आपल्याकडं बॉनेटवर असे दोन आकडे लिहायची सक्ती झाली, तर शेतकऱ्याची अर्धी फसगत त्याच दिवशी थांबेल.

३. आपल्याकडंही चाचणी होते. तिचा अहवाल मागा.

मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनी इथं केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे. तिथं ट्रॅक्टर पीटीओवर, रस्त्यावर, रानात तपासतात आणि अहवाल काढतात. पीटीओची कमाल ताकद, ४३ अंशांच्या आसपास तापलेल्या हवेत ती किती उतरते, डिझेल किती लागतं, बॅकअप टॉर्क (तो काय, ते पाचव्या मुद्द्यात सांगतो) किती टक्के, १५ टक्के चाक घसरेपर्यंत किती किलोची ओढ मिळाली, ब्रेक कसे लागले, हे सगळं त्यात असतं. लिफ्टचा आकडाही तिथंच पाहावा. पत्रकात छापलेला आकडा बहुधा खालच्या लिंकच्या टोकाशी उचललेल्या वजनाचा असतो. खरं अवजार त्याच्या बऱ्याच मागं लोंबतं, म्हणून चाचणीत ६१० मिलिमीटर मागं वजन ठेवूनही मोजतात आणि तिथं आकडा खाली येतो. पलटी नांगर उचलताना कामाला येतो तो हा दुसरा आकडा.

अहवाल इंग्रजीत असतो, ही अडचण खरी आहे. घरातल्या शिकणाऱ्या मुलीला, मुलाला शेजारी बसवा. तासाभराचं काम आहे.

४. वजनाशिवाय एचपी जमिनीत उतरत नाही.

हा धडा सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा हिशोब करू. ओढ किलोत घ्या, तिला ताशी किलोमीटरच्या वेगानं गुणा आणि २७० नं भागा. उत्तर एचपीत येतं. समजा नांगराला १००० किलो ओढ लागते आणि तुम्ही ताशी ५ किलोमीटरनं चालताय. पाच हजार भागिले २७०, म्हणजे साडेअठरा एचपी. एवढीच.

आता ही हजार किलोची ओढ येते कुठून? मागच्या चाकांच्या पकडीतून, आणि पकड येते वजनातून. साधारण १९०० किलोचा दोन चाकी ओढीचा ट्रॅक्टर रानात आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास ओढतो. त्यापुढं चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. याच वजनावर ४५ च्या जागी ५५ एचपीचं इंजिन बसवलं तरी नांगर बोटभरही खोल जाणार नाही. ताकदीचा गडी शेवाळलेल्या दगडावर उभा करून त्याला दोर ओढायला लावण्यासारखं ते आहे.

म्हणून हरळीच्या रानात खोल नांगरट करणाऱ्यानं एचपीइतकंच ट्रॅक्टरचं वजन विचारावं आणि मागचा टायर पाहावा. १३.६ चा आहे, १४.९ चा की १६.९ चा, यानं रानात दिसण्याइतका फरक पडतो. टायरमध्ये पाणी भरता येतं, लोखंडी वजनं लावता येतात. पण नांगरट संपली की ती उतरवायची तसदी घ्या. रोटर मारताना, सरी सोडताना ते वजन फक्त डिझेल खातं आणि माती दाबतं. दाबलेल्या काळ्या मातीत पाणी मुरत नाही, हे पुढच्या पावसाळ्यात रान स्वतःच दाखवतं.

थोडं घसरणं मात्र चालतं, ते हवंच असतं. आठ ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान ट्रॅक्टर सुखानं काम करतो.

५. इंजिन दबल्यावर काय करतं, ते बघा.

छापलेली एचपी ठराविक आरपीएमवरची असते, कुणाची १९००, कुणाची २०००, कुणाची २५००. रानात कठीण पट्टा आला की इंजिन दबतं आणि आरपीएम उतरतात. त्या वेळी टॉर्क वाढला तर ट्रॅक्टर कण्हत का होईना पुढं जातो, नाही वाढला तर गिअर बदलायला थांबावं लागतं. या वाढीला बॅकअप टॉर्क म्हणतात.

दोन ट्रॅक्टर घ्या, दोन्ही ४५ एचपीचे, २००० आरपीएमवर. दोघांचा टॉर्क तिथं सोळा किलोग्रॅम-मीटरच्या थोडा वर. कठीण पट्ट्यात दोघंही १४०० वर आले. एकाचा टॉर्क पंचवीस टक्के वाढला, त्याच्याकडं अजून एकोणचाळीस एचपी शिल्लक. दुसऱ्याचा दहाच टक्के वाढला, त्याच्याकडं चौतीस-पस्तीस. बॉनेटवर आकडा एकच, रानात चार-पाच एचपींचा फरक, आणि तोही नेमक्या गरजेच्या क्षणी. आमचे चुलते जुन्या, कमी आरपीएमच्या ट्रॅक्टरबद्दल ‘याला दम आहे’ म्हणायचे, ते हेच. त्यांच्या कानाला कळत होतं ते आज अहवालात टक्क्यांत लिहिलेलं मिळतं.

६. रोटर, ब्लोअर, मळणीयंत्र: इथं फक्त पीटीओचा आकडा बघा.

सहा फुटी रोटर आमच्या काळ्या रानात ४५ ते ५० एचपीच्या ट्रॅक्टरला पुरेसं काम देतो. त्याच ट्रॅक्टरला सात फुटी लावून दिला की पीटीओचे ५४० फेरे टिकत नाहीत, मग ढेकळं तशीच राहतात आणि दुसरा हात मारावा लागतो. एका विक्रेत्यानं आमच्या भागात असे मोठे रोटर छोट्या ट्रॅक्टरांना सर्रास खपवले. वर्षभरात क्लच प्लेटांचा खर्च सोसला तो शेतकऱ्यांनी. द्राक्षबागेतल्या ब्लोअरचंही तेच. पंखा आणि पंप दोन्ही एकदम ताकद मागतात, फेरे उतरले की औषध पानाच्या मागं पोचत नाही, आणि भुरी नेमकी तिथून सुरू होते.

७. उन्हाळा आणि धूळ आपला वाटा घेतात.

२५ अंशांची हवा ४२ वर गेली की पाच-साडेपाच टक्क्यांनी विरळ होते. टर्बो नसलेलं इंजिन तेवढा कमी श्वास घेतं आणि धूर वाढतो. धुळीनं मात्र याहून जास्त नुकसान होतं. एअर क्लीनरमधलं तेल गाळानं घट्ट झालं की ट्रॅक्टर जड चालतो. एप्रिल-मेच्या नांगरटीत ते रोज उघडून बघा.

८. काही आकडे कायद्यापायीही ठरतात.

१ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे नवे, कडक नियम लागू झाले. त्यासाठी लागणारी यंत्रणा महाग आहे, म्हणून ४९ आणि काही दशांशांच्या मॉडेलांची बाजारात दाटी झाली. पत्रकात ‘एचपी कॅटेगरी’ असा शब्द दिसला तर नेमका किलोवॅटचा आकडा मागा. किलोवॅटला १.३६ नं गुणलं की मेट्रिक एचपी मिळते.

९. जास्त एचपी म्हणजे जास्त ब्रेक नव्हे.

हे सगळ्यांनी ऐकावं, विशेषतः गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या पोरांनी. मोठं इंजिन ऊस भरलेल्या ट्रॉल्या वेगानं पळवतं, पण त्या थांबवायच्या असतात ट्रॅक्टरच्याच ब्रेकवर, कारण बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर मागचं वजन ढकलतं तेव्हा पन्नास एचपी काही कामाची नाही. उतार सुरू व्हायच्या आधी गिअर खाली घ्या, न्यूट्रल करू नका, रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल लॉकनं जोडलेली ठेवा.

फडातून ट्रॉली निघेना म्हणून साखळी वर, टॉप लिंकच्या जागी बांधणारे आहेत. पुढची चाकं उचलू नयेत म्हणून बॉनेटवर माणसं बसवणारेही आहेत. ताकदवान इंजिन आणि उंच बांधलेली साखळी एकत्र आली की ट्रॅक्टर मागच्या चाकांवर उभा राहतो आणि उलटतो, आणि चालवणाऱ्याला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. ओढ कायम खालच्या हुकावरूनच द्या. निघत नसेल तर ऊस उतरवा, दुसरा ट्रॅक्टर बोलवा. कारखान्याचा नंबर पुढं गेला तर जाऊ दे.

१०. डेमो स्वतःच्या रानात घ्या, स्वतःच्या अवजारानं.

विक्रेता आणतो ते रान सोपं असतं. तुमचं सगळ्यात कठीण रान वाफशावर आलं की त्याला बोलवा. टाकी काठोकाठ भरा, एक एकर नांगरा, पुन्हा काठोकाठ भरा, आणि डिझेल तासावर न मोजता एकरावर मोजा. मग मागच्या टायरवर खडूनं खूण करून नांगर वर उचलून चालवा. टायरच्या दहा फेऱ्यांत किती अंतर गेलं ते टेपनं मोजा. नांगर जमिनीत घालून पुन्हा दहा फेऱ्या. मोकळा ४१ मीटर गेला आणि नांगरासह ३६, तर चाक बारा टक्के घसरतंय. ठीक आहे. नांगरासह ३२ च मीटर गेला, तर बावीस टक्के घसरतंय, म्हणजे त्या अवजारासाठी ट्रॅक्टर हलका आहे. मग आणखी एचपीचा न बघता जड ट्रॅक्टर बघा, नाहीतर नांगराचा एक फाळ कमी करा. चार-पाच एकरवाल्यानं हा सगळा हिशोब भाड्याच्या नांगरटीच्या दराशेजारी मांडून बघावा. माझा भाड्याचा धंदा आहे म्हणून मी हे म्हणतो असं वाटेल, तर शेजारच्या गावातला दर घ्या आणि त्यावर मांडा.